बेदगेलर्ट : वेल्सच्या डोंगरगावातील एकटीची पायी सहल

गेल्या जून महिन्यात मी उत्तर वेल्समधील बेदगेलर्ट या लहानशा गावी सहा रात्री मुक्काम केला आणि रोज एकटीने पायी फिरले. ही सहल मी ब्रिटनमधील एका संस्थेमार्फत घेतली होती. तिच्या योजनेत खोली, न्याहारी, नकाशा आणि प्रत्येक दिवसाच्या वाटेचे छापील टिपण एवढे मिळते, सोबत वाटाड्या नसतो. कोल्हापुरातून असा प्रवास करू इच्छिणाऱ्यांना, विशेषतः एकट्याने जाणाऱ्या बायकांना, उपयोग व्हावा म्हणून हे परीक्षण सविस्तर लिहीत आहे. संस्थेच्या कामात मला जे दोष आढळले ते पुढे सांगितले आहेत, तिचे नाव मात्र घेत नाही, कारण मला सांगायचे आहे ते एका संस्थेपेक्षा अशा प्रकारच्या सहलीविषयी अधिक आहे.

माझे वय ५२ आहे, मी एका सहकारी बँकेत नोकरी करते आणि पन्हाळा ते पावनखिंड ही पावसाळी मोहीम आजवर आठ वेळा केली आहे. चालण्याची सवय होती, एकटीने चालण्याची नव्हती. आपल्याकडे डोंगरात जायचे ते दहा-वीस जणांच्या गटाने, आणि बाईमाणसाने तर गटाच्या मधोमध, हे इतके अंगवळणी पडलेले असते की त्यावर कोणी वेगळा विचारही करत नाही. निघताना आईने विचारले, "वाट चुकलीस तर विचारशील कुणाला?" तिला तेव्हा मला नीट उत्तर देता आले नाही. ते उत्तर मला तिथे गेल्यावर मिळाले, आणि या लेखाचा मोठा भाग त्यावरच खर्च होणार आहे.

प्रवासाविषयी थोडक्यात सांगते. कोल्हापूर ते मुंबई, मुंबईहून लंडन, लंडनच्या युस्टन स्थानकातून रेल्वेने बँगोर आणि तेथून बसने कार्नार्वन असा माझा मार्ग होता. कार्नार्वनहून बेदगेलर्टला बसही जाते, परंतु ज्यांच्याकडे अर्धा दिवस असेल त्यांनी वेल्श हायलँड रेल्वेनेच जावे असे मी आग्रहाने सांगेन. वाफेच्या इंजिनाची ही चिमुकली गाडी कार्नार्वन ते पोर्थमॅडॉग अशी २५ मैल, म्हणजे सुमारे ४० किलोमीटर धावते. माथेरानच्या गाडीत बसलेल्यांना तिची ठेवण ओळखीची वाटेल, कारण माथेरानच्या रुळांमधील अंतर ६१० मिलिमीटर आहे आणि इथले ५९७. तिला ओढणारी अवजड गॅरेट इंजिने बहुतांशी मँचेस्टरमध्ये तयार झाली, दक्षिण आफ्रिकेत राबली आणि नंतर इकडे आणली गेली. मूळ मार्ग १९३०च्या दशकात बंद पडला होता, तो टप्प्याटप्प्याने पुन्हा उभारून २०११ मध्ये पोर्थमॅडॉगपर्यंत पूर्ण झाला. ऱ्हिड-दी स्थानक सोडल्यावर गाडी वळणे घेत जंगलातून खाली उतरू लागते आणि झाडांच्या फटीतून पाटीच्या दगडाची काळी-निळी छपरे दिसू लागतात, तेच बेदगेलर्ट.

गाव म्हणजे ग्लासलिन आणि कोल्विन या दोन नद्यांचा संगम, त्यावरचा दगडी पूल, जुने चर्च, चार-सहा खानावळी आणि काही शे वस्ती. पाच मिनिटांत सगळे पाहून होते. इंग्रजी अक्षरे पाहून आपण 'बेडगेलर्ट' वाचतो, परंतु वेल्श भाषेत ती जोडीची 'डी' आपल्या 'द'जवळ जाते. 'बेद' म्हणजे थडगे, आणि ते थडगे गेलर्ट नावाच्या कुत्र्याचे, अशी आख्यायिका आहे. राजा ल्हवेलिन शिकारीहून परतला, तेव्हा बाळाचा पाळणा उपडा पडलेला आणि कुत्र्याचे तोंड रक्ताने माखलेले दिसले. रागाच्या भरात त्याने कुत्र्याला तलवारीने मारले, आणि मग पाळण्याखाली सुखरूप असलेले बाळ व शेजारी मेलेला लांडगा दिसला. हे वाचताच माझ्या डोळ्यांसमोर आपली ब्राह्मणीची आणि मुंगसाची गोष्ट उभी राहिली. पंचतंत्राच्या पाचव्या तंत्रात, अपरीक्षितकारकात ती येते, आणि लोककथांचे अभ्यासक या दोन्ही कथा एकाच कुळातल्या मानतात. थडगे मात्र फार जुने नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस गावातल्या एका खानावळीच्या चालकाने, डेव्हिड प्रिचर्डने, प्रवासी यावेत म्हणून ते रचले असे आता सर्वत्र मान्य आहे, आणि गावाचे नाव बहुधा एखाद्या प्राचीन संतावरून पडले असावे असे सांगितले जाते. ही माहिती मला आधीपासून होती. तरीही संध्याकाळी नदीकाठच्या कुरणातून तिथवर चालत गेले, झाडाखालच्या दोन पाट्यांपैकी इंग्रजी पाटी वाचली, आणि लहानपणी आजीने मुंगसाची गोष्ट सांगताना शेवटी आवाज कसा खाली आणला होता ते आठवून बराच वेळ तिथे उभी राहिले.

आता मुख्य मुद्दा. या सहलीत विकत घेण्यासारखे जे आहे ते वाटेचा हक्क होय, आणि गंमत अशी की तो फुकट मिळतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांविषयी आणि ग्रामीण भागातील प्रवेशाविषयी कायदा झाला. त्यानुसार प्रत्येक परगण्याने आपल्या हद्दीतल्या सार्वजनिक पायवाटांचा अधिकृत नकाशा करावयाचा असतो. वाट खासगी शेतातून, कुरणातून, अगदी एखाद्याच्या अंगणाच्या कडेने जात असली तरी पायी चालणाऱ्याचा हक्क कायम राहतो आणि जमीनमालकाला ती अडवता येत नाही. पुढे २००० सालच्या कायद्याने उघड्या डोंगरमाळावर वाट सोडूनही फिरण्याची मुभा दिली. एररी, म्हणजे पूर्वी आपण ज्याला स्नोडोनिया म्हणत होतो ते राष्ट्रीय उद्यान, १९५१ पासूनचे आहे आणि बेदगेलर्ट त्याच्या आतच वसले आहे.

कागदावरचा हा हक्क जमिनीवर कसा उतरतो ते पाहण्यासारखे आहे. कोकणात ज्याला गडगा म्हणतात तशा, चुना-सिमेंटाशिवाय रचलेल्या दगडी भिंती डोंगरभर धावतात. वाट जिथे भिंतीला भिडते तिथे भिंतीतूनच बाहेर काढलेले चार दगड पायऱ्यांसारखे बसवलेले असतात, किंवा एक हलते फाटक असते, ज्याच्या अर्धगोल कुंपणातून माणूस वळसा घेऊन पलीकडे जातो पण मेंढीला जाता येत नाही. खांबावर पिवळा बाण असेल तर वाट पायी चालणाऱ्यांची, निळा असेल तर ती घोडेस्वारांनाही खुली असते. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेच्या १:२५,००० प्रमाणाच्या नकाशावर या सर्व वाटा, भिंती, फाटके, ओढे दाखवलेले असतात आणि मोकळे फिरण्याची जमीन फिक्या पिवळसर रंगात असते. पहिल्या दिवशी मी दर दहा मिनिटांनी नकाशा उघडत होते. तिसऱ्या दिवशी पुढची भिंत कुठे येणार हे आधी नकाशात पाहायचे आणि मग ती खरोखर तिथे आली की मनाशी हसायचे, असा क्रम सुरू झाला. मसाई पठारावर धुके उतरले की आम्ही मागच्याला हाका मारतो आणि भेटेल त्या गुराख्याला वाट विचारतो. इथे विचारायला मैलभर माणूस नव्हता, आणि हातातल्या कागदाने कधी दगा दिला नाही. आईच्या प्रश्नाचे उत्तर हे होते.

उत्तराचा दुसरा अर्धा भाग मुक्कामाच्या घराच्या दारात टांगलेला होता. शाळेत आपण वापरायचो तशीच, लाकडी चौकटीची काळी पाटी आणि दोरीला बांधलेला खडू. न्याहारीनंतर बाहेर पडणाऱ्याने तिच्यावर आपले नाव, कुठून कुठे जाणार आणि परतण्याची वेळ लिहायची, असा घरमालकीणबाईंचा नियम होता, आणि परतल्यावर ती ओळ आपल्याच हाताने पुसायची. सांगितलेल्या वेळेनंतर दोन तासांत ओळ पुसली गेली नाही तर त्या फोन करतात, उत्तर आले नाही तर ९९९ वर पोलिसांना कळवतात, आणि पोलीस डोंगरी बचाव पथकाला. त्या पथकातली माणसे स्वयंसेवक असतात आणि सुटकेचे पैसे घेत नाहीत. दऱ्यांमध्ये मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे शिट्टी बाळगावी. सहा वेळा फुंकायची, मिनिटभर थांबायचे, पुन्हा सहा वेळा, हा तिथला संकटाचा इशारा आहे.

पाटीची किंमत मला चौथ्या दिवशी कळली. त्या दिवशी वॅटकिन वाटेने अर विद्वा, म्हणजे स्नोडन, चढण्याचा बेत होता. शिखराची उंची १,०८५ मीटर आहे. आपल्या कळसूबाईची १,६४६ मीटर उंची मनात धरून त्याला कमी लेखणे चुकीचे ठरेल, कारण वॅटकिन वाट जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुरू होते आणि हजार मीटरहून अधिक चढ पायांनीच चढावा लागतो. राष्ट्रीय उद्यानाने २०२२ च्या नोव्हेंबरपासून शिखराचे आणि प्रदेशाचे वेल्श नाव वापरण्याचे ठरवले आहे, म्हणून मीही तेच वापरते. 'विद्वा' या शब्दाचा अर्थही थडग्याचा उंचवटा असाच आहे.

सकाळी बसने बेथानियाला उतरले. सुरुवातीची वाट ओकच्या जुन्या रानातून दगडी पायऱ्यांनी वर जाते, मग उजव्या हाताला धबधब्यांची माळ लागते. तिथले निळसर हिरवे पाणी इतके नितळ आहे की तळाचा प्रत्येक दगड वेगळा दिसतो. हा सगळा हाफोद अ ल्हान या शेतवाडीचा भाग आहे. १९९८ मध्ये ती विकायला निघाली तेव्हा नॅशनल ट्रस्ट या निसर्ग आणि वारसा जपणाऱ्या संस्थेने लोकवर्गणी काढून ती घेतली आणि मूळचे वेल्श असलेले अभिनेते अँथनी हॉपकिन्स यांनी त्यासाठी १० लाख पौंड दिले. त्याहून वर गेल्यावर वाटेच्या कडेला एक भला मोठा खडक आहे. १३ सप्टेंबर १८९२ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी, चौथ्यांदा पंतप्रधान झालेल्या ग्लॅडस्टनने या खडकावर उभे राहून जमावापुढे भाषण केले आणि ही वाट लोकांसाठी खुली झाली. रेल्वेउद्योजक सर एडवर्ड वॅटकिन यांनी ती आपल्या खर्चाने बांधली होती. मी खडकाला टेकून डब्यातला पाव आणि घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी खाल्ली.

पुढे पाटीच्या दगडाच्या जुन्या खाणीचे पडके अवशेष लागतात. तिथे पोहोचले तोवर माथा दिसत होता. दहा मिनिटांत ढग खाली आला आणि खाणीच्या भिंतीही पुसट झाल्या. वरून उतरणाऱ्या एका जोडप्याने सांगितले की खिंडीत वारा उभे राहू देत नाही आणि त्यापुढचा घसाऱ्याचा चढ ओला झाला आहे. मी घड्याळ पाहिले, अकरा वाजून पाच मिनिटे झाली होती. गटात असते तर गेले असते, हे मला पक्के माहीत आहे, कारण पुढचा जातो म्हणून मागचा जातो. एकटी असल्यामुळे ठरवणारीही मी आणि निस्तरणारीही मीच. पाटीवर मी 'परत ५ वाजता' असे लिहिले होते, आणि ते वाक्य दुसऱ्या कोणाला तरी दिलेल्या शब्दासारखे वाटत होते. मी परत फिरले. साडेतीनला घरी पोहोचून ओळ पुसली तेव्हा मालकीणबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, शिखराविषयी काहीही न विचारता "बरे झाले," एवढेच म्हणाल्या आणि किटली चढवायला गेल्या. शिखर राहिले याचे दुःख मला झाले आणि अजूनही आहे.

संस्थेविषयीच्या माझ्या तक्रारी याच संदर्भात समजून घ्याव्यात. पहिली तक्रार टिपणांची आहे. ॲबरग्लासलिनच्या घळीतून जाणाऱ्या कोळ्यांच्या वाटेला टिपणात 'नदीकाठची सोपी, सपाट वाट' म्हटले होते. प्रत्यक्षात तिथे नदी कड्याला घासून वाहते, वाट काही ठिकाणी ओल्या खडकांवरून, पाण्याच्या थेट वर, जाते आणि हाताने धरण्यासाठी खडकात कड्या बसवलेल्या आहेत. वाट अतिशय सुंदर आहे आणि मी ती दोनदा चालले, परंतु सपाट वाट अपेक्षून आलेल्या, गुडघे दुखणाऱ्या माणसाची तिथे फजिती होईल. दुसऱ्या एका टिपणात सांगितलेले फाटक जागेवर नव्हतेच, त्यामुळे ते कितपत अलीकडे तपासले गेले असेल याची शंका येते. नकाशा होता म्हणून निभावले. दुसरी तक्रार अशी की संस्थेने दिलेला मदतीचा फोन रविवारी कोणी उचलला नाही. एकट्याने चालणाऱ्यांसाठी म्हणून विकलेल्या सहलीत ही गोष्ट मी गंभीर मानते. तिसरी तक्रार जादा आकाराची. खोली दोघांची आणि राहणारा एक, म्हणून वेगळे पैसे घेतले जातात. हॉटेलात ते समजू शकते, पण ज्या योजनेचे नावच एकट्याची सहल आहे तिच्यात हा आकार मूळ किमतीतच धरून आधी सांगायला हवा होता.

विमान, व्हिसा, रेल्वे, मुक्काम आणि जेवण मिळून मला सुमारे २ लाख ४० हजार रुपये खर्च आला. माझे मत असे की खोली थेट गावातल्या घरमालकांकडून घ्यावी, नकाशा स्वतः विकत घ्यावा आणि संस्थेचा खर्च वाचवावा. त्या पैशांत चांगले बूट येतात.

वाटांपैकी मला सर्वांत आवडली ती ल्हिन दिनास तळ्यापासून चढून कूम बाखान या छोट्या खोऱ्यातून उतरणारी आणि घळीतून गावात परत आणणारी, साधारण ९ किलोमीटरची फेरी. वरच्या माळावर तांब्याच्या जुन्या खाणीच्या दोरमार्गाचे गंजलेले खांब अजून उभे आहेत. तळ्याजवळच दिनास एम्रिस ही टेकडी आहे, जिथे लाल आणि पांढरा असे दोन ड्रॅगन जमिनीखाली झुंजत होते आणि लाल जिंकला, अशी कथा आहे. वेल्सच्या झेंड्यावर तोच लाल ड्रॅगन आहे. खालच्या उतारांवर जांभळ्या फुलांच्या ऱ्होडोडेंड्रॉनची दाट रानेच्या राने दिसली आणि मी फोटो काढत सुटले. नंतर कळले की ही बाहेरून आणलेली झुडपे आपल्या घाणेरीसारखी माजून देशी झाडांना गुदमरवतात आणि ती उपटण्यासाठी वर्षानुवर्षे काम चालू आहे.

याच फेरीत एक मेंढपाळ भेटला. तो वाटेवर उभा राहून फक्त शिट्ट्या वाजवत होता, आणि पाऊण किलोमीटरवर काळा-पांढरा ठिपका, म्हणजे त्याचा कुत्रा, प्रत्येक शिट्टीसरशी दिशा बदलून मेंढ्यांना एका रेषेत आणत होता. पट्टणकोडोलीच्या यात्रेत धनगरांचे कळप पाहिलेल्या मला ते काम किती अवघड आहे याची कल्पना होती. मी त्याला विचारले की कुंपण नसलेल्या माथ्यावर मेंढ्या हरवत कशा नाहीत. त्याने सांगितले की प्रत्येक कळपाला आपला डोंगराचा तुकडा माहीत असतो, कोकराला तो आईकडून कळतो, आणि त्या तुकड्याला वेल्शमध्ये 'कनेव्हिन' म्हणतात. आपल्या मुलांशी तो वेल्शमध्येच बोलत होता. २०२१ च्या जनगणनेनुसार ग्विनेद परगण्यात ६४.४ टक्के लोक वेल्श बोलतात. दुकानात 'बोरे दा' म्हणून शिरावे आणि 'दिओल्ख' म्हणून निघावे, माणसे खुलतात.

जेवणाबाबत फार लिहिण्यासारखे नाही. न्याहारी भरपूर असते आणि सांगितल्यास शाकाहारी मिळते. मेंढीचे मटण उत्तम प्रतीचे आहे, मसाला मात्र आपला नाही, म्हणून कोरडी चटणी सोबत न्यावी. चहात भिजवलेल्या मनुकांचा 'बारा ब्रिथ' हा पाव लोण्याबरोबर जरूर खावा. रात्रीचे जेवण लवकर बंद होते आणि जूनमध्ये उजेड साडेनऊपर्यंत असतो, तेव्हा वेळ विसरून चालत राहिल्यास उपाशी झोपण्याची पाळी येते.

कपड्यांबाबत गगनबावड्याच्या पावसाचा अनुभव पुरेसा आहे असे समजू नये. आपला पाऊस अंगावर घेता येतो, कारण तो गारठवत नाही. एररी हा ब्रिटनमधील सर्वाधिक पावसाच्या प्रदेशांपैकी एक आहे, आणि तिथल्या जूनमध्ये १२ अंशांत वाऱ्यासह भिजले की अर्ध्या तासात बोटे वळेनाशी होतात. सुती कपडे अजिबात नकोत. घोटा झाकणारे बूट इथेच घेऊन महिनाभर पन्हाळ्याच्या चढावर वापरून मग न्यावेत. माझ्यासारखी कोरी जोडी नेल्यास दुसऱ्याच दिवशी टाचेला फोड येतात.

पुढच्या खेपेस शिखरासाठी ऱ्हिड-दीकडून जाणारी वाट धरण्याचा विचार आहे, कारण गावातून त्या गाडीनेच पायथ्याशी उतरता येते आणि तो चढही वॅटकिनपेक्षा कमी आहे. आरक्षण करताना खोली मागच्या बाजूची, कोल्विनकडची मागावी. पुढच्या खोल्यांखालून रस्ता जातो आणि सुट्टीच्या दिवशी मोटारसायकलींचा आवाज बराच असतो.